खांबेटे साहेबांचा सायलेन्सर

दिल्लीत चौतीस वर्षं काढून ज्यानं एकदाही आवाज चढवला नाही असा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि त्याची नोकरी आवाज मोजण्याचीच होती. दामोदर खांबेटे. आमच्या सरकारी प्रयोगशाळेच्या ध्वनी विभागात ते वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. कराडहून आलेला मी, जगदाळे, त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं होतो. त्या नऊ वर्षांत मी एक गोष्ट अशी केली की ती लपवून त्यांच्याविषयी लिहिणं हा दुसरा अपराध होईल. ती सांगणार आहे. पण आधी ते कसे होते ते सांगतो. माझं पाप कुठं पळून जात नाही.

साहेब उंच, किडकिडीत आणि मानेपासून थोडे पुढे झुकलेले होते. ऑफिसात सगळे त्यांना 'खंबा साहब' म्हणत. दिल्लीत खंबा म्हणजे दारूची पूर्ण बाटली, आणि साहेब तर दुपारी चारनंतर चहासुद्धा घेत नसत. एका पंजाबी सहकाऱ्यानं एकदा हसत हसत त्यांना या नावाचा अर्थ सांगितला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "कितने मिलीलीटर?" उत्तर ऐकलं, मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागले. माप कळलं की त्यांना टोमणाही लागत नसे.

आवाज मोजायचा मीटर ते त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, जुन्या लुगड्याच्या कापडातून शिवून दिलेल्या पिशवीत ठेवत. सरकारी चामडी पेटी दिल्लीच्या उन्हात तापते आणि मीटर रुसतो, असं त्यांचं म्हणणं. मीटरबरोबर मुठीत मावणारी एक डबी असे. ती एकच ठरावीक सूर काढते. तो मीटरनं बरोबर वाचला तर मीटर शुद्धीवर आहे. साहेब मोजणीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ती डबी लावत. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत, किंवा मध्येच काही भलतं वाजलं, तर सबंध दिवसाची मोजणी रद्द. रजिस्टरात त्या पानावर तिरकी रेघ आणि खाली बारीक सुंदर अक्षरात कारण. 'वारा.' 'कोंबडा.' 'मंत्र्यांचा ताफा.' एका पानावर नुसतं 'मी खोकलो' असं होतं.

सरोजिनी नगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये मी बरेचदा जेवायला जात असे. काकू वाढता वाढता म्हणायच्या, "हे घरात असले की कुकरसुद्धा दबकून शिट्टी देतो." बाहेर बाजारातून कपडे विकणाऱ्यांची आरोळी यायची, गाणी वाजत असायची, आणि साहेब वरणभात कालवत मला समजावत, की एका ढोलाशेजारी तसाच दुसरा ढोल वाजवला तर आवाज दुप्पट होत नाही, तीनच डेसिबल वाढतो. "म्हणून तर या शहरात प्रत्येकाला वाटतं, जगदाळे, माझ्यामुळे असा काय फरक पडतो."

त्यांचा दुसरा उपदेश पार्श्वभूमीचा होता. कुठलाही आवाज मोजायचा तर तो नसताना तिथे काय वाजतंय ते आधी मोजायचं. हा नियम ते माणसांनाही लावत. आमचे नवे डायरेक्टर भसीन साहेब एकदा मला सगळ्यांदेखत टाकून बोलले. मी रडवेला होऊन साहेबांकडे गेलो तर त्यांनी विचारलं, भसीन साहेब तुमच्याआधी शिपायाशी कसं बोलत होते? मी म्हटलं, तसंच, ओरडूनच. "मग तुमच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही," असं म्हणून त्यांनी मला रजिस्टरातली पानं उतरवायला बसवलं.

एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात साहेबांनी बँडचा आवाज मोजला. हेतू चांगला होता. आहेराच्या पाकिटात त्यांनी एक चिठ्ठी घातली, की नवऱ्या मुलीच्या कानाजवळ इतका आवाज भरला, अशाने तिला पुढे त्रास होईल, कृपया नवरदेवाची घोडी पुढे गेल्यावर तरी बँड आवरावा. आठ दिवसांनी मुलीचे वडील पेढे घेऊन आले. ती चिठ्ठी त्यांनी बिरादरीत फिरवली होती. सरकारी शास्त्रज्ञानं प्रमाणित केलेलं असं लग्न अख्ख्या राजौरी गार्डनमध्ये आजवर झालं नव्हतं. त्यांच्याबरोबर त्यांचे शेजारीही आले होते. त्यांच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, आणि साहेबांनी मीटर घेऊन यावं, पण घोडीच्या पुढे उभं राहून मोजावं, तिथे जास्त भरतं, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर साहेब लग्नाला मीटर नेईनासे झाले.

त्यांचा खरा जीव लहान विमानांत होता. शिकाऊ वैमानिक बसतात ती, एका इंजिनाची, दोन माणसांची विमानं. दिल्लीच्या हद्दीबाहेर हरियाणाच्या अंगाला एक जुनी धावपट्टी होती आणि तिथे एक फ्लाइंग क्लब. साहेब अकरा वर्षं तिथे जात होते. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या विमानाच्या आवाजावर जगभर लोक काम करतात. लहान विमान मात्र तासन्‌तास एकाच वस्तीवर घिरट्या घालतं आणि त्याचं कुणाला काही नाही. त्याचा आवाज दोन ठिकाणांहून येतो. इंजिनाच्या धुराच्या नळीतून फाटल्यासारखा येतो तो एक, आणि प्रोपेलरचं पातं इतक्या वेगानं फिरतं की टोकाशी हवा किंचाळते तो दुसरा. कुठला किती हे वेगळं काढल्याशिवाय इलाज करणं म्हणजे दुखणं न विचारता गोळी देणं.

साहेबांनी अकरा वर्षांत ते वेगळं काढलं. मग गाझियाबादच्या एका पत्र्याच्या वर्कशॉपात मिस्त्रीशेजारी स्टुलावर बसून स्टेनलेस स्टीलचा हातभर लांब सायलेन्सर करून घेतला. प्रोपेलरसाठी वैमानिकांना एक तक्ता करून दिला, की एवढ्या उंचीवर पोचलात की इंजिनाचे फेरे एवढे उतरवा. दोन्ही मिळून आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटे. 'निम्मा' हा शब्द साहेबांना चालत नसे. ते "नऊ डेसिबल" म्हणत, आणि म्हणताना त्यांचा चेहरा नातवाचं वजन सांगणाऱ्या आजोबांसारखा होई. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्याआधी क्लबच्या चारही विमानांवर तो सायलेन्सर कायमचा बसलेला पाहायचा, याखेरीज त्यांना आयुष्याकडून काही नको होतं. बढती नको होती, परदेशवारी नको होती. ही माणसं वरिष्ठांना फार अवघड जातात.

आधी एका विमानावर महिनाभर चाचणीपुरता सायलेन्सर बसवायची परवानगी मिळाली. तो काळ असा होता की देशात रोज काहीतरी नवं खुलं होत होतं. एक्स्पोर्टवाल्यांची आणि जमिनी विकून मोकळ्या झालेल्या घरांतली मुलं विमान शिकायला येऊ लागली होती. महिना संपायच्या आत क्लबचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन ढिल्लन यांनी साहेबांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. ढिल्लन मिशांत हसत होते. त्यांचा एक विद्यार्थी आपल्या फार्महाऊसवरून तीनदा गेला होता. गच्चीवर सगळं खानदान जमलं होतं, दुर्बीण होती, मिठाई होती. कुणी वर पाहिलंच नाही. मुलगा संध्याकाळी घरी गेला तर आई विचारत होती, आज का नाही उडालास? आता तो म्हणत होता, मला दुसरं विमान द्या.

"खंबा साहब," ढिल्लन म्हणाले, "आपका डिब्बा बढ़िया है। लेकिन ये लोग उड़ने नहीं आते। सुनाई देने आते हैं।"

साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. परत येताना जीपमध्ये मला म्हणाले, की हा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता आणि याचा विचार व्हायला हवा. चेष्टेनं नाही. दोन दिवस त्यांनी खरोखर विचार केला.

कायमच्या परवानगीसाठी विमान खात्याच्या अधिकाऱ्यासमोर रीतसर चाचणी व्हावी लागणार होती. त्याच सुमाराला सरकारनं प्रयोगशाळांना सांगितलं होतं की आता आपलं आपण कमवा. भसीन साहेबांनी आमच्या दारावरची जुनी पाटी काढून 'अकूस्टिक सोल्यूशन्स' अशी नवी लावली होती, आणि ते एका ग्राहकाच्या शोधात होते. या चाचणीचा त्यांनी समारंभ केला. धावपट्टीशेजारच्या शेतात गुलाटी नावाचे बिल्डर वसाहत उभी करणार होते. त्यांनी आपुलकीनं मांडव दिला. मांडवाबरोबर झुंबर आलं, झुंबराबरोबर जनरेटर आला, आणि जनरेटर आलाच आहे तर लाउडस्पीकर आला. विमानाचा आवाज किती कमी झाला हे ऐकायला आम्ही सगळे अशा जागी बसलो होतो, जिथे शेजारच्याला पाणी मागायचं तर खूण करावी लागत होती.

ठरल्या वेळी विमान आलं आणि डोक्यावरून गेलं. कुणालाच काही ऐकू आलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. भसीन साहेब माइकवर म्हणाले, "देखा आपने? आवाज़ है ही नहीं।" खात्याचे अधिकारी खूश होऊन पेन काढत होते. तेवढ्यात साहेब मांडवाच्या कडेनं चालत व्यासपीठावर गेले, माइककडे झुकले आणि आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाले, "आप लोग जो नहीं सुन रहे हैं, वह जनरेटर के कारण नहीं सुन रहे हैं। कृपया उसे बंद कीजिए। विमान फिर से आएगा।"

जनरेटर बंद झाला. त्याबरोबर पंखे बंद झाले, आणि महिना मे होता. विमान वळून परत यायला सात-आठ मिनिटं लागणार होती. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुसरी मीटिंग होती. ते गेले, मागोमाग पाहुणे जेवणाकडे गेले. विमान आलं तेव्हा मांडवात साहेब, मी आणि झुंबर उतरवणारे दोन कामगार होतो. साहेबांनी रजिस्टर उघडलं, तिरकी रेघ मारली आणि लिहिलं, 'जनरेटर.' फाइलीवर शेरा आला, की चाचणी शास्त्रज्ञांच्याच विनंतीवरून अनिर्णित.

आता माझ्यावर येतो.

गुलाटींची वसाहत उभी राहू लागली. नाव 'नीरव एन्क्लेव्ह'. पण फ्लॅट पाहायला येणारी माणसं वर बघून विचारू लागली, की ही विमानं रोज असतात का. गुलाटींना आवाजाबद्दल सरकारी प्रयोगशाळेचा कागद हवा होता. भसीन साहेबांना ग्राहक हवा होता. काम त्यांनी साहेबांना न देता मला दिलं. खांबेटे, ते म्हणाले, जरा स्लो आहेत. मी मात्र मोजणी साहेबांना बरोबर घेऊनच केली, कारण मला एकट्याला ती धड येत नव्हती. अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर आम्ही सात दिवस बसलो. एकाही पानावर रेघ मारावी लागली नाही. आकडे स्वच्छ होते आणि वाईट होते. साहेबांनी खाली उपायही लिहिला, की क्लबच्या चार विमानांवर सायलेन्सर बसवले तर इथला आवाज मर्यादेत येईल. ते मला म्हणाले, "गुलाटींच्या मनात आलं तर सहा महिन्यांत होईल हो हे." मी त्यांना इतकं खुलून बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी तो मसुदा घेऊन गुलाटींकडे गेलो. भसीन साहेब तिथेच बसले होते. गुलाटींनी पानं उलटली, मला बर्फी दिली आणि म्हणाले, "बेटा, चार जहाज़ों पे डिब्बे लगवाऊँ? आप एक काग़ज़ पे लगा दो न।"

मी हसलो. ते हसणंच माझा होकार होता, हे मला आता कळतं. भसीन साहेब म्हणाले, "ऐव्रेज निकालो।"

डेसिबलची सरासरी परीक्षेच्या मार्कांसारखी बेरीज करून, भागून काढत नाहीत. आमच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला ते साहेबांनीच शिकवलं होतं. वर्गात एकोणचाळीस मुलं गप्प असली आणि चाळिसावं किंचाळत असलं, तर मार्कांची सरासरी सांगेल की वर्ग शांत आहे. मास्तर सांगणार नाही. मी मार्कांसारखी काढली. सात दिवसांचे सगळे तास घेतले, विमानं नसतानाचे, रात्रीचे, पहाटेचे, आणि मिळवून भागले. आकडा मर्यादेच्या आत, अगदी सभ्यपणे येऊन बसला. कुणी पकडलंच तर म्हणायचं, चूक झाली.

पकडू शकेल असा आमच्या ऑफिसात एकच माणूस होता, आणि अहवालावर तपासणारा म्हणून त्याचीच सही लागत होती. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तो दिवस मी मुद्दाम निवडला. साहेब बाराला निघणार होते. अकराला मी फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आजच पाठवायची आहे. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. चाळीस मिनिटांनी ते पिशवी घेऊन बाहेर आले, मला म्हणाले, "ठेवली आहे," आणि रिक्षाकडे गेले. सही होती.

त्यानंतर जे झालं ते इतकं तर्कशुद्ध होतं की मलाही आधी सुचलं नव्हतं. गुलाटींच्या जाहिरातीत 'सायंटिफिकली सायलेंट' असं छापून आलं. मला बढती मिळाली आणि नीरव एन्क्लेव्हमध्ये, शास्त्रज्ञांसाठी म्हणून राखलेल्या फ्लॅटांतला एक मिळाला, नववा मजला. आणि साहेबांनी सायलेन्सरच्या दुसऱ्या चाचणीसाठी पाठवलेली फाइल शेऱ्यासह परत आली, की ताज्या शास्त्रीय मोजणीनुसार सदर ठिकाणी आवाजाची समस्या नाही, सबब उपायाची गरज नाही. अकरा वर्षं खपून साहेबांनी नऊ डेसिबल कमी केले होते. मी एका दुपारी बसून त्याहून जास्त केले.

साहेब पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोप समारंभात भसीन साहेब त्यांच्या शांत स्वभावाबद्दल माइकवरून वीस मिनिटं बोलले. सायलेन्सर क्लबच्या शेडमध्ये पडून होता. मेकॅनिकांनी तो उभा चिरून त्याची कबाब भाजायची शेगडी केली. ढिल्लन मला प्रेमानं म्हणाले, "बड़ी अच्छी चीज़ है। धुआँ सारा एक तरफ़ जाता है।"

नीरव एन्क्लेव्हमध्ये आम्ही राहायला गेलो. तिथे माणसं वाक्याच्या मधोमध थांबतात, विमान जाऊ देतात आणि त्याच शब्दापासून पुढे बोलतात. थांबलो हे कुणाला कळतही नाही. सोसायटीच्या बैठकीत विमानांची तक्रार निघाली की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी म्हणतो की ऑफिसचा मीटर दुरुस्तीला गेला आहे. तो बरीच वर्षं दुरुस्तीला आहे.

दोन वर्षं मी साहेबांना घरी बोलावलं नाही. शेवटी माझ्या बायकोनं, सुनंदानं, मला न विचारता त्यांना फोन केला. एका रविवारी सकाळी ते गाझियाबादहून दोन बस बदलून आले. क्वार्टर सोडल्यावर ते तिकडेच राहत होते. काकूंनी दिलेले डिंकाचे लाडू आणले होते. काकूंची नजर आता चांगली आहे, म्हणाले. सुनंदा चहा ठेवायला गेली. आमची पूर्वा तेव्हा आठवीत होती. ती त्यांच्यासमोर बसली.

साहेबांनी तिला विचारलं, "काय गं, इथे निवांत वाटतं का?"

"निवांत मतलब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लाडू तोंडात घातला. त्यांनी मग वेगळं विचारलं, अभ्यास कुठे करतेस. तिनं आपल्या खोलीत नेऊन खिडकीशी असलेलं टेबल दाखवलं आणि समजावून सांगितलं, "जहाज आलं ना, की मी डायग्राम काढते. गेलं की पाठांतर करते. टाइम वेस्ट नाही होत." तिला त्याचा अभिमान होता. साहेब म्हणाले, पद्धत चांगली आहे. मग तिची मैत्रीण बोलवायला आली आणि ती खाली खेळायला गेली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी फार दिवस मनात घोळवलेलं भाषण विसरलो आणि भलत्याच ठिकाणी सुरुवात केली.

"साहेब, त्या तक्त्यात सरासरी मी..."

"ठाऊक आहे."

"मुद्दाम काढली होती तशी."

"चौथ्या ओळीतच दिसलं मला."

मी म्हटलं, पण तुम्ही घाईत होता, काकूंचं ऑपरेशन होतं. ते म्हणाले, चाळीस मिनिटं खूप झाली. त्यांनी दोनदा तपासलं होतं. मग मला विचारावंच लागलं, की सही का केली.

साहेब टेबलावरची तिची कंपासपेटी सरळ करत राहिले. आदल्या संध्याकाळी भसीन साहेबांनी त्यांना बोलावलं होतं. म्हणाले होते, जगदाळेचा रिपोर्ट येईल, तो अडवू नका. या कामातूनच तुमची दुसरी चाचणी करून देतो, रिटायर व्हायच्या आत. "मला ती चाचणी हवी होती, जगदाळे. विमान खरंच कमी आवाज करत होतं."

विमान आलं. आम्ही थांबलो. गेलं.

"तुमची चूक झाली असं मी धरून चाललो," ते म्हणाले. "खोटं लिहिलंत असं धरलं असतं तर मला सही करता आली नसती. तो कागदच माझा सायलेन्सर बंद पाडेल, एवढं मला कळायला हवं होतं. ते मात्र नाही कळलं."

मला त्यांची क्षमा हवी होती. मिळाली असती तर मी रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यासाठीच मी दोन वर्षं तयारी केली होती. पण माझ्यासमोरचा माणूसच माझी क्षमा मागत असल्यासारखा खाली बघत होता, आणि ती त्याला देण्याइतका मी कुणी नव्हतो. मी म्हटलं, काहीतरी करता येईल का अजून? हा प्रश्न मी कशाबद्दल विचारला, मलाही नक्की ठाऊक नाही.

साहेबांनी खोलीभर पाहिलं. खिडकी, कपाट, आतली भिंत. मग उठले आणि पँट गुडघ्यांपाशी किंचित वर ओढली.

"हे टेबल त्या भिंतीला घेऊ या. कपाट मध्ये आलं पाहिजे. तुम्ही तिकडून धरा."

पुस्तकं, ग्लोब, कंपासपेटी, काहीही न काढता आम्ही ते उचललं. ते त्या वयात मागे मागे चालत होते, मान वळवून पाहत होते आणि मला हळू आवाजात सांगत होते, "सावकाश. डावीकडे. अजून थोडं. ग्लोब सांभाळा." टेबल भिंतीला लागलं. त्यांनी कपाट हातानं ढकलून पाहिलं, ते हलेना, मग दोघांनी मिळून हलवलं. सुनंदा चहा घेऊन दारात उभी राहिली आणि तशीच परत गेली.

साहेब पूर्वाच्या छोट्या खुर्चीवर बसले. गुडघे टेबलाला टेकत होते. एक हात त्यांनी वर केला, मी गप्प राहावं म्हणून, आणि आम्ही पुढच्या विमानाची वाट पाहू लागलो. रविवार होता, ते बराच वेळ आलं नाही. आलं तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. पार यमुनेकडे विरून जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

"थोडं कमी आहे," ते म्हणाले.

मी किती म्हणून विचारलं नाही. ते अजून तिथेच बसले होते, लहान खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून, आणि मी त्यांच्या मागे उभा होतो. नंतर त्यांनी चहा घेतला, मी त्यांना बसपर्यंत सोडलं, रस्त्यात आम्ही लाडवांबद्दल बोललो. पण ते मला आठवतात ते त्या खुर्चीत, पाठमोरे, दुसऱ्या विमानाची वाट बघत. एकदा ऐकलेलं पुरेसं नसतं म्हणून.